एकाच घरात दोन रविवार

"आम्ही सगळे एकाच प्रभूचे, मॅडम. मग रविवारी आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत का नाही?"

समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या तोंडून ऐकला आहे की समोरचं माणूस बसून घसा खाकरतं तेव्हाच मला पुढचं वाक्य कळतं. कधी मुलगा मंडळी, म्हणजे घरचं जुनं चर्च, सोडून फेलोशिपला, म्हणजे एखाद्या नव्या स्वतंत्र प्रार्थनागटाला, जायला लागलेला असतो. कधी मुलगी कॅथलिक घरात दिलेली असते आणि बाळ झाल्यावर दोन्हीकडची माणसं एकमेकांना शुभवर्तमान शिकवू लागतात. कधी भावाने पुन्हा बाप्तिस्मा घेतलेला असतो आणि वडील त्याच्या ताटाकडे बघत नाहीत. बाहेरच्यांना हे भांडण क्षुल्लक वाटतं. ज्यांच्या घरात ते आहे, त्यांची झोप उडालेली असते. म्हणून आज एका घराबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि खरं सांगायचं तर या गोष्टीत तीन-चार घरं मिसळली आहेत.

आई सत्तरीच्या, निवृत्त परिचारिका, अहिल्यानगरच्या. तिथले लोक अजूनही नगरच म्हणतात, मीही म्हणते. मुलगा चाळिशीचा, एमआयडीसीत नोकरीला. सून शाळेत शिक्षिका. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेला नातू नऊ महिन्यांचा. चार वर्षांपूर्वी मुलगा आणि सून एका नव्या फेलोशिपमध्ये गेले आणि तिथे पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतला. आता आईंचं म्हणणं, नाताळच्या आत बाळाचा बाप्तिस्मा आपल्या मंडळीत व्हावा. मुलगा-सून म्हणतात, बाळाचं फक्त समर्पण करू, म्हणजे बाप्तिस्मा न देता प्रार्थना करून त्याला देवाच्या हाती सोपवू. मोठा झाला की तो स्वतः ठरवेल.

पहिल्याच भेटीत आई म्हणाल्या, "बाई, ह्याला मांडीवर घेऊन मी पाळकसाहेबांसमोर उभी राहिले होते. ह्याचे वडील रडत होते. आता हा म्हणतो तो बाप्तिस्मा खरा नव्हता. मग आम्ही काय नाटक केलं?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "आई, मी नाटक म्हटलं नाही कधी. वचनात आधी विश्वास आहे, मग बाप्तिस्मा. मी काय करू?"

दोघंही मनापासून बोलत होते. अशा वेळी समुपदेशकाने बायबल उघडून न्यायाधीश व्हायचं नसतं. मी स्वतः मंडळीत वाढले आहे, लहानपणी पाणी शिंपडून बाप्तिस्मा झालेली आहे. माझा कल कुठे असेल हे उघड आहे. म्हणूनच मी बाप्तिस्म्याला हात लावला नाही. मी विचारलं, "रविवारचा दिवस कसा जातो, ते सांगा."

उत्तर सुनेकडून आलं. आईंची उपासना सकाळी लवकर असते, साडेदहाला त्या घरी येतात. फेलोशिप दहाला सुरू होते आणि दोनपर्यंत चालते. "आई साडेबाराला एकट्या जेवून घेतात. आम्ही येतो तेव्हा त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं असतं."

आईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मी ते वहीत लिहून ठेवलं. माझा अनुभव असा की घरात ज्यावरून आवाज चढतो ते एक असतं आणि जे दुखतं ते दुसरंच. भांडण बाप्तिस्म्यावरून होत होतं आणि दुखत होतं रविवारचं एकटीचं ताट.

तरीही माझा पहिला उपाय फसला. तो सांगते, कारण पुष्कळ घरं आपणहून तोच करून बघतात. मी म्हटलं, एक रविवार आईंनी फेलोशिपला जावं, एक रविवार मुलगा-सुनेने मंडळीत यावं. पुढच्या भेटीत आई ड्रमबद्दल बोलत होत्या आणि मुलगा मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्यांबद्दल. दोघांनी एकमेकांच्या उपासनेचा तपासनीसासारखा अहवाल आणला होता. दुरावा आधीपेक्षा वाढला.

असं होणार हे मला कळायला हवं होतं. १९५४ साली मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ओक्लाहोमात बावीस मुलांचं एक शिबिर घेतलं होतं. मुलांचे दोन गट केले, स्पर्धा लावली आणि काही दिवसांत गटांत वैर आलं. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र चित्रपट दाखवला. वैर गेलं नाही. जेवताना मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. मग पाण्याचा पुरवठा बंद पडला, आणि कारण शोधायला दोन्ही गटांना कामाला लागावं लागलं. अडकलेला ट्रक दोन्ही गटांनी मिळून दोराने ओढला. अशी एकट्याने न होणारी कामं एकामागून एक आली, तशी मुलं हळूहळू बदलली. माझ्या कामाचा पाया मी यालाच मानते. माणसं नुसती शेजारी बसवून जवळ येत नाहीत; दोघांपैकी एकट्याच्याने होणार नाही असं काम समोर यावं लागतं.

पण या घराने मला त्याच्या पुढचं शिकवलं.

पाचवी भेट असेल. बाळ सुनेच्या मांडीवर किरकिर करत होतं. मी विचारलं, "गेल्या चार वर्षांत तुम्ही एकमेकांकडे काय मागितलंत?"

"मागितलं म्हणजे?" मुलगा म्हणाला. "आईला औषधं आणून देतो. लाइट बिल भरतो."

"ते दिलंत. मागितलंत काय?"

खोलीत शांतता पसरली. आई म्हणाल्या, "मी कशाला मागू? मी कोणावर ओझं नाही." मुलगा म्हणाला, "मीपण काही मागितलेलं नाही." दोघांच्याही आवाजात थोडा अभिमान होता, आणि त्या अभिमानाचं वजन मला त्या क्षणी जाणवलं. चार वर्षं दोघं एकमेकांना देत होते, एकमेकांसाठी प्रार्थनाही करत होते. पण ती प्रार्थना वरून खाली जाणारी होती: प्रभू, ह्याचे डोळे उघड, प्रभू, हिचे डोळे उघड. आपल्याला समोरच्याकडून काही घ्यायचं आहे, हे दोघांपैकी कोणालाही सुचलं नव्हतं.

मी काही बोलले नाही. बाळाची किरकिर वाढली. मुलाने त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं आणि अचानक आईकडे बघत म्हणाला, "तू मला झोपवताना जे भजन म्हणायचीस, त्याचे शब्द मला आठवत नाहीत गं. चाल आठवते. रोज रात्री नुसती चाल गुणगुणतो. शब्द सांगशील?"

आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते भजन म्हटलं, पूर्ण, कापऱ्या आवाजात. तिसऱ्या कडव्याला बाळ झोपलं. सून रडत होती. मीही चष्मा पुसला, हे लपवत नाही.

त्यानंतर दोन मिनिटांनी आई म्हणाल्या, "माझे गुडघे गेलेत. डब्यांचं काम बंद पडतंय. तुमच्या त्या पोरांकडे गाड्या आहेत ना?"

हे डब्यांचं काम त्यांनी तोवर मला एकदाही सांगितलं नव्हतं. त्यांच्या महिला मंडळातर्फे दर गुरुवारी सरकारी दवाखान्यात खेडोपाड्यांतून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना जेवणाचे डबे जात. पूर्वी वीस-बावीस जात, आता सहावर आले होते. बायका थकल्या होत्या, पोहोचवायला कोणी नव्हतं. मुलाच्या फेलोशिपमध्ये दहाबारा तरुण होते, उत्साही, आणि सेवा म्हणून नेमकं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांना नागपूरची आठवण करून दिली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. माहेर एसपीजी या अँग्लिकन मिशनचं, पुढे लग्न झालं ते अमेरिकन मिशनच्या घरात. त्या एकीची बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे एकेचाळीस वर्षं. अडचण काय होती? इतर अनेक प्रश्नांबरोबर नेमकी हीच. एकत्र येणाऱ्यांत अँग्लिकनांसारखे बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, आणि स्वतः विश्वास ठेवल्यावरच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणारे बाप्टिस्ट आणि ब्रदरेनही होते. कोणी कोणाला खोटं ठरवलं नाही. नव्या चर्चने दोन्ही रीती ठेवल्या. बाळाचा बाप्तिस्मा, मग समज आल्यावर दृढीकरण, म्हणजे त्याने स्वतः दिलेली विश्वासाची कबुली. किंवा आधी समर्पण, मग समज आल्यावर बाप्तिस्मा.

मुलगा म्हणाला, "म्हणजे आईच्या चर्चमध्ये हे चालतं?"

आई म्हणाल्या, "माझ्या सासूबाई मला बारा वर्षं एसपीजीवाली म्हणायच्या." आणि त्या हसल्या. त्या खोलीतलं त्यांचं ते पहिलं हसू.

मला स्वतःला नागपूरच्या त्या एकीतली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. वेगवेगळ्या परंपरांतले बिशप आणि पाळक एकत्र येणार, तर कोणाची पाळकपदाची दीक्षा खरी धरायची? तेव्हा एकमेकांच्या मस्तकी हात ठेवून प्रार्थना करण्याचा मार्ग निघाला. माझ्यात जे कमी असेल ते देवाने तुझ्या हातून द्यावं, अशा भावनेने प्रत्येकाने डोकं पुढे केलं. मोठमोठ्या परंपरांची माणसं तिथे घेणारी झाली. आपल्याकडे लीनता म्हणजे गप्प बसणं, मागे राहणं, शेवटचा तुकडा घेणं असं समजतात. माझ्या वीस वर्षांच्या कामात मला उमगलेली लीनता वेगळी आहे: ज्याच्याशी पटत नाही त्याच्यापुढे हात पसरता येणं. गप्प बसणारा माणूस आतून अत्यंत ताठ असू शकतो. मागणाऱ्याला तसं राहता येत नाही.

आता माझ्याकडे येणाऱ्यांना मी काय सांगते, ते लिहिते.

पंथाच्या मुद्द्यापासून सुरुवात करू नका. तो मुद्दा खोटा किंवा बिनमहत्त्वाचा आहे म्हणून नव्हे. जवळीक नसताना तो हाताळता येत नाही म्हणून. व्हॉट्सॲपवर वचनं पाठवून समोरच्याला सुधारणं आजच थांबवा. वचन दगडासारखं फेकलं की समोरचा ते झेलत नाही, चुकवतो. मुलांच्या तोंडून निरोप पाठवू नका.

मग असं एखादं काम शोधा ज्याचा लाभ तिसऱ्यालाच होईल, आणि जे तुमच्यापैकी एका बाजूला पेलणार नाही. आजारी नातेवाईक असेल, शेजारच्या पोराचा अभ्यास असेल, कोणाचे डबे असतील. त्यावर कोणत्याही चर्चचं नाव नको. आमच्या या घरात ही अट आईंनीच घातली: डब्यात पत्रक जाणार नाही. फेलोशिपच्या पोरांना ते जड गेलं. महिला मंडळातल्या दोघीतिघींना 'त्या लोकांची' मदत घेणं जड गेलं. त्यांना पेलावं लागलं म्हणूनच त्या कामाचा उपयोग झाला, असं मी मानते.

आणि खरी गरज मागा, शिष्टाचाराची नको. "कधी गरज लागली तर सांगेन" हे मागणं नव्हे. "गुरुवारी पाच वाजता दोन गाड्या पाठव" हे मागणं.

काही जण विचारतात, आपण बरोबर असलो तरी वाकायचं का? बायबलमधल्या प्रेषित पौलाने तुरुंगातून फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिलं. तट पाडू नका, लीनतेने दुसऱ्याला श्रेष्ठ माना, असं तो त्यात सांगतो, आणि शेवटाकडे दोन बायकांची नावं घेतो, युवदीया आणि सुंतुखे. दोघींचं पटत नव्हतं. कशावरून, ते तो लिहीत नाही. कोण बरोबर, तेही लिहीत नाही. दोघींनी सुवार्तेच्या कामात माझ्याबरोबर श्रम केले आहेत, एवढी आठवण देतो आणि एका सोबत्याला म्हणतो, यांना मदत कर. त्या सोबत्याची खुर्ची ती माझी, असं मी समजते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. कोणी औषधं बंद करायला सांगत असेल, घरातले दागिने-पैसे मागत असेल, मारहाण सहन कर म्हणत असेल, तर तिथे एकीचा विषय येत नाही. तिथे आधी डॉक्टर, वकील, पोलीस. लीनतेच्या नावाखाली छळ सोसणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत आणि त्यांना मी कधीही वाकायला सांगितलेलं नाही.

त्या घराचं पुढे काय झालं? बाळाचा बाप्तिस्मा झाला नाही. फेलोशिपमध्ये समर्पण झालं. आई गेल्या, मागच्या खुर्चीवर बसल्या, आणि मुलगा स्वतः मागे येऊन त्यांना हाताला धरून पुढे घेऊन गेला. बाळाच्या डोक्यावर पास्टरांच्या हाताशेजारी त्यांचाही हात होता. नाताळच्या उपासनेला मुलगा-सून मंडळीत आले आणि भजनाच्या वेळी मुलाने डफ वाजवला. डबे पुन्हा बावीसवर गेले. भाजीत मीठ किती, यावर आईंचं आणि पोरांचं दर गुरुवारी वाजतं, असं सून सांगते.

शेवटच्या भेटीला आई एकट्याच आल्या, रविवारी, उपासनेहून परस्पर.

"बाप्तिस्म्याबद्दल माझं मत बदललेलं नाही बरं, बाई."

"ठाऊक आहे मला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. "निघते. भात टाकायचाय. दोनला येतात ती, भुकेजलेली असतात. आम्ही आता बरोबरच बसतो."