मॅग्नेशियमचे विरघळणारे स्क्रू-प्लेट वापरले तर दुसरं ऑपरेशन टळेल का?

वडिलांची नडगी मोडलीये, प्लेट टाकायचीये, आणि वर्षभराने ती काढायला पुन्हा पाय चिरावा लागू नये म्हणून तुम्ही मॅग्नेशियमचं विचारताय. पण वर्षभराने काढावीच लागते हे सांगितलं कुणी? आमच्याकडे हे सांगणारा माझा मेव्हणा होता.

माझ्या नडगीत टायटॅनियमची लॉकिंग प्लेट होती, म्हणजे जिच्या भोकांतही आटे असतात आणि स्क्रूचं डोकं त्यात कसलं जातं. हाड जुळलं, मी पुन्हा लेथवर उभा राहायला लागलो, दुखणं शून्य. पण मेव्हण्याचं मेडिकल आहे, त्यामुळे घरात त्याचा शब्द सर्जनच्या वर. "दाजी, अंगात धातू ठेवू नये, म्हातारपणी नडतो." बायको त्याच्या बाजूने. मी सांगत होतो, टायटॅनियमच्या आट्यात टायटॅनियमचे आटे कसले की जाम बसतात, सुटताना रडवतात. सगळा जन्म आटे पाडण्यात गेलाय माझा. ऐकतो कोण?

पाठीत इंजेक्शन दिलेलं, मी शुद्धीवर. पडद्यापलीकडे चावी घसरल्याचा आवाज आला आणि मी ओळखलं, स्क्रूच्या डोक्यातली खाच गोल झाली. मग ड्रिल. दोन स्क्रूंची डोकी उडवावी लागली, एकाचं दांडकं आजही हाडात आहे. प्लेट निघाल्यावर भोकांच्या जागी हाड कच्चं असतं, म्हणून पुन्हा कुबड्या. मेव्हणा शहाळी घेऊन आला आणि म्हणाला, "सुटलात ना दाजी."

आता मॅग्नेशियम. तुमच्या गीझरच्या टाकीत त्याचाच रॉड असतो, टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा. शरीरातही ते झिजतं, ही जुनी गोष्ट आहे. बेल्जियमच्या लँबॉट नावाच्या सर्जनने १९०७ साली १७ वर्षांच्या रुग्णाच्या पायात मॅग्नेशियमची प्लेट बसवली, पण स्टीलच्या खिळ्यांनी! दोन वेगळे धातू आणि भोवती खारट रक्त, म्हणजे बॅटरीच. ८ दिवसांत प्लेटचा भुगा आणि कातडीखाली गॅस. १ ग्रॅम मॅग्नेशियम झिजताना जवळजवळ १ लिटर हायड्रोजन सुटतो, त्यामुळे सगळी कसरत झीज मंद करण्याची. आता मिश्रधातू करून ते बरंचसं जमलंय. जर्मनीत हानोफरला पायाच्या अंगठ्याच्या ऑपरेशनमध्ये २६ रुग्णांवर असे स्क्रू टायटॅनियमशी ताडून पाहिले, सहा महिन्यांनी निकाल सारखाच. २०१३ मध्ये त्या स्क्रूंना युरोपात मान्यता मिळाली. अमेरिकेने २०२३ मध्ये घोट्यासाठी एक स्क्रू मंजूर केला.

अंगठा, घोटा! नडगीवर अख्ख्या माणसाचा भार येतो. मॅग्नेशियमचा ताठपणा ४५ गिगापास्कलच्या आसपास, टायटॅनियमचा ११०, स्टीलचा २००. हाडाच्या जवळचा म्हणून ते चांगलंच, पण ताकद कमी आणि ती रोज घटत जाणार. हाड जुळायच्या आधी प्लेट खचली तर दुसरं ऑपरेशन टळत नाही, लवकर येतं. शरीरात झिजणारे दुसरे धातूही आहेत, पण लोखंड फार हळू झिजतं. जस्ताचा वेग बरा, पण ते मऊ. तेव्हा वडिलांसाठी टायटॅनियम किंवा स्टीलच.

मी डॉक्टर नाही हेही सांगून टाकतो. लहान मुलांचं हाड वाढतं, त्यांची प्लेट बऱ्याचदा काढतात. पू झाला, स्क्रू सैल झाला, किंवा नडगीवर मांस कमी म्हणून प्लेट कातडीला टोचायला लागली, तरी काढावी लागते. पण मोठ्या माणसाला त्रास नसेल तर कारण काय, ते सर्जनलाच विचारा, मेडिकलवाल्याला नको.

आणि काढायचीच ठरली तर तुटके स्क्रू काढायचा सेट आधीच आणून ठेवलाय का, तेवढं खात्रीने विचारा. माझ्या वेळी तो दुसऱ्या हॉस्पिटलातून मागवला, तोवर मी टेबलावर पाय उघडा ठेवून पडलेलो.