इंदूरमध्ये मशिनिस्ट आणि टूल इन्स्पेक्टरला नोकरी मिळते का?

तुम्ही विचारलंय की आयटीआयचा मशिनिस्ट ट्रेड झालाय, घर इंदूरलाच आहे, तर इथेच थांबावं की मामांकडे पुण्याला जावं, आणि टूल इन्स्पेक्शनमध्ये, म्हणजे हत्यारं, साचे, सुटे भाग मोजून तपासण्याच्या कामात, काही वाव आहे का.

थांबा की! मशीनवरचं काम इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीत मिळतं. फोर्स मोटर्स, व्हीई कमर्शियल या वाहन कंपन्यांच्या आसपास सुटे भाग करणारे पुष्कळ. सांवेर रोडला छोटे जॉबवर्कवाले, म्हणजे दुसऱ्यांचे भाग करून देणारे, देवासला किर्लोस्करांचे पंप. पण सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, जॉब (घडवायचा भाग) लावायचा आणि बटण दाबायचं, एवढंच येत असेल तर ठेकेदाराकडेच राहाल आणि पगार हलणार नाही. पुण्यातही तेच, वर खोलीचं भाडं.

इन्स्पेक्शनच्या जागा कमी निघतात, पण धड मोजता येणारी मुलंही कमीच. मी क्वालिटीत आहे, मुलाखती घेतो. उमेदवाराच्या हातात मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि एक बुश, म्हणजे नळीसारखा छोटा भाग, देतो आणि गप्प बसतो. आधी अ‍ॅन्व्हिल, म्हणजे मोजायचा भाग टेकतो ती बाजू, पुसून झिरो बघतो का? बेताचा दाब देणारं रॅचेट फिरवतो की मुठीचं थिंबलच आवळून माप चुकवतो? निम्मा निकाल तिथेच लागतो. मग विचारतो, 100 मिमीचा पोलादी जॉब मशीनवरून उतरला, 40 डिग्री तापलेला. माप 20 डिग्रीला धरतात, तर फरक किती? साधारण 23 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, 20 मायक्रॉनचा असला तर चांगला माल रिजेक्टमध्ये जातो. मे महिन्यात इंदूरच्या शॉपफ्लोअरवर हे रोजचंच.

म्हणून आधी अप्रेंटिसशिप धरा आणि मशीनवर हात बसू द्या. ड्रॉइंग वाचायला, विशेषतः जीडी अँड टीच्या (भागाचा आकार आणि जागा किती अचूक हवी ते सांगणाऱ्या) खुणा, तेव्हाच शिका. सांवेर रोडच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय (हत्यारं आणि साचे), सीएनसीचे कोर्स चालतात. तिथे जाऊन चौकशी करा, एजंटाच्या नादी लागू नका.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. पीथमपूरला औषध कंपन्याही भरपूर आहेत. गोळ्या दाबणारे पंच आणि डाय झिजतात, त्यांची लांबी, टोकं नियमित तपासावी लागतात. तिथेही विचारा, मशिनिस्ट मुलं तिकडे फिरकतच नाहीत.

अर्जात मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज, जे वापरलंय ते नावानिशी लिहा. 'क्वालिटीचं ज्ञान आहे' असं मोघम लिहिलेला अर्ज आमच्याकडे गठ्ठ्यातच राहतो.