न्यायाच्या दिवसाची धास्ती वाटते? लूक 13 वाच
बाप्तिस्म्याची तयारी करतोयस आणि न्यायाच्या दिवसाच्या, म्हणजे देव सगळ्यांचा न्याय करील त्या दिवसाच्या, विचाराने झोप उडाली म्हणतोस. मग प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, तूर्त बाजूला ठेव. नवखी माणसं नेमकी तिथूनच सुरुवात करतात आणि त्यातल्या श्वापदाच्या 666 या आकड्यात अडकून बसतात.

लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचा, 13 वा अध्याय घे. शिलोहातला बुरूज कोसळून 18 जण मेले. ते इतरांहून जास्त पापी होते का? येशू सरळ ‘नाही’ म्हणतो. तेव्हा कुणाला कॅन्सर झाला की ‘देवाने शिक्षा केली’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस, मग तो मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, कितीही जुना माणूस असो. पण त्याच दमात येशू ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगतो, हेही गाळू नकोस. पुढे अंजिराचं झाड येतं. 3 वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, भोवती खणून खत घालतो. न्यायाबद्दल मला सगळ्यात जास्त या माळ्याने शिकवलं. मुदत वाढवून मिळाली आहे, पण ती वर्षभराचीच.

योहानाच्या शुभवर्तमानातलं 3:16 पाठ असेल: देवाने जगावर एवढी प्रीती केली की आपला पुत्र दिला. पुढची 17 आणि 18 ही वचनं सोडू नकोस: पुत्र जगाला दोषी ठरवायला नाही, तारायला आला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारा दोषी ठरत नाही. मत्तय 25 मात्र खडसावतं: भुकेल्याला खायला दिलंस का, तुरुंगातल्याला भेटलास का? विश्वास आणि कृती यांचा मेळ कसा घालायचा, ते पाळकसाहेबांना खुशाल विचार.

आणि ‘आधी सुधारतो, मग येतो’ असं म्हणू नकोस. वधस्तंभावरच्या चोराला सुधारायला वेळ नव्हता, तरी येशूने त्याला ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ म्हटलं. लूक 23, तेही वाच.