दोन पर्याय भांडले की

काल मालवणहून फोन केलास, की जीसीसी या कंपायलरला -ओ० (कोड वेगवान करायला बदलू नकोस) हा पर्याय दिला तरी डीबगर, म्हणजे चालता प्रोग्राम तपासणारं टूल, व्हेरिएबलच्या किमतीऐवजी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ म्हणतोय. आधी मेक क्लीन करून जुन्या तयार फाइल्स पूस, मग मेक -एन चालव (तो कमांड न चालवता नुसत्या छापतो) आणि पूर्ण कमांड डोळ्यांनी वाच. मला वाटतं, मेकफाइलमधल्या रेसिपीत (मेक चालवतो त्या कमांडमध्ये) तुझ्या -ओ० नंतर -ओ२ (कोड वेगवान कर) चिकटवलंय. -ओ कितीही वेळा दे, जीसीसी शेवटचाच धरतो, आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

पण ‘शेवटचा जिंकतो’ हे सगळीकडे धरून बसू नकोस. जीसीसीच्या इशाऱ्यांचं गणित वेगळं. -डब्ल्यूनो-अनयूज्ड-व्हेरिएबल (न वापरलेल्या व्हेरिएबलचा इशारा नको) दिलंस, की -वॉल (बरेच इशारे एकदम चालू) आधी असो वा नंतर, तो इशारा बंदच. नेमका पर्याय ढोबळ पर्यायाला भारी पडतो, जागा कुठलीही असो. फाइल्सचं गाठोडं बांधणारा ग्नू टार सरळ माणूस: -सी (बांध) आणि -एक्स (सोड) एकत्र दिले की काम नाकारतो. फाइल्स पुसणाऱ्या आरएमपासून मात्र जप. -आय (आधी विचार) च्या मागून -एफ (विचारू नको) आला की न विचारता पुसतो. माझं एक फोल्डर असंच गेलं. पाऊस, लाइट नाही, बॅटरी संपत आलेली, घाई!

आता तू स्वतःचं टूल लिहितोयस ना? टारसारखं वाग. एका होडीवर दोन तांडेल नकोत. पायथनच्या आर्गपार्समध्ये (कमांडचे पर्याय वाचणारं मॉड्यूल) परस्परविरोधी पर्यायांचा गट करता येतो. दोन्ही दिले तर तो चूक सांगतो आणि २ या एक्झिट कोडने (प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा) थांबतो.

मेक -एनची ती ओळ पाठव. लाइट असली तर सकाळी बघतो.