नॅनो भुकटीच्या आधी 12 मार्चची तारीख पाहा

रंगद्रव्याच्या कारखान्यात नॅनो टायटॅनियम डायऑक्साइडची (अतिसूक्ष्म कणांच्या पांढऱ्या भुकटीची) पोती फोडून मिश्रणयंत्रात ओतण्याचे काम चार वर्षे केल्यावर दम लागू लागला, 12 मार्च 2024 पासून कामावर जाता आलेले नाही, आणि नॅनो कणांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नसताना दावा टिकेल का, असे साकीनाक्याच्या एका वाचकांनी विचारले आहे. अशा जवळजवळ प्रत्येक पत्रात प्रश्न नॅनोचा असतो, तारखेचा नसतो.

तुमचे प्रकरण तारखेवर ठरेल. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 च्या कलम 10 प्रमाणे दावा दोन वर्षांत करावा लागतो, आणि व्यावसायिक रोगात, त्या रोगामुळे कामावरची सलग गैरहजेरी ज्या दिवशी सुरू झाली तोच अपघाताचा दिवस मानला जातो. निदानाचा नव्हे, राजीनाम्याचाही नव्हे. तुमच्या हाती जेमतेम पाच आठवडे उरले आहेत. मालक माणुसकी दाखवतील या आशेवर तुम्ही 23 महिने तोंडी विनवण्यांत घालवलेत आणि एक लेखी नोटीसही दिली नाहीत, हे वाचून मला खरोखर वाईट वाटले. पुरेसे कारण असल्यास भरपाईचे दावे ऐकणारे आयुक्त विलंब माफ करू शकतात, पण तोंडी आश्वासन हे पुरेसे कारण ठरेलच, असे मी म्हणणार नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून या जुन्या कायद्यांच्या जागी नव्या श्रम संहिता लागू झाल्या असल्या तरी मुदत जुन्याच हिशेबाने धरा. अर्जाचा नमुना तुमचे वकील पाहतील.

पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) वर्गणी कापली जात होती का, हे मात्र तुम्ही लिहिलेलेच नाही. जात असल्यास ईएसआय अधिनियमाच्या कलम 53 मुळे मालकाविरुद्ध ही भरपाई मागता येत नाही आणि ईएसआय महामंडळाकडेच जावे लागते. पगारचिठ्ठी आजच शोधा.

आता नॅनोविषयी. अमेरिकेतील नायोश या कामगार सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने 2011 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या बारीक धुळीसाठी घनमीटरला 2.4 मिलिग्रॅम, तर अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो, कणांसाठी 0.3 मिलिग्रॅम मर्यादा सुचवली. म्हणून ‘धूळ मर्यादेत होती’ हे मालकाचे उत्तर जसेच्या तसे मान्य करू नका. ही शिफारस आपल्या आयुक्तांवर बंधनकारक नाही. 1923 च्या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे व्यावसायिक रोगांच्या यादीत, नॅनो हा शब्द नाही, फुप्फुसात व्रण करणाऱ्या खनिज धुळीमुळे होणारा न्यूमोकोनिओसिस हा फुप्फुसाचा आजार आहे. अनुसूचीबाहेरच्या रोगासाठी कलम 3(4) फार कठोर आहे. त्यामुळे दाखल्यात नुसता ‘जुनाट खोकला’ न लिहिता, तपासणीत आढळलेला फुप्फुसाचा आजार आणि धुळीशी आलेला संपर्क डॉक्टरांनी स्पष्ट नोंदवावा.

रंग व रंगद्रव्य उद्योग कारखाने अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत धोकादायक प्रक्रियांत येत होता, म्हणून कलम 41क (इंग्रजीत 41C) नुसार तुमच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे मालकावर बंधनकारक होते आणि त्या पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यांची मागणी आणि आजाराची नोटीस पोचपावतीसह याच आठवड्यात पाठवा, आणि एक प्रत वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्या. नोंदी मिळाल्या नाहीत तर त्या हजर करण्याचा आदेश आयुक्तांकडे मागता येतो, तेव्हा मालकाच्या उत्तरासाठी दावा थांबवू नका.