स्वीडिश लोकांना कुटुंबाची किंमत नसते का?

किंमत असते. पण एवढ्याने तुमच्या आईंचं समाधान व्हायचं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या धाकट्या भावाने स्वीडिश मुलीशी लग्न ठरवलंय आणि आईंचं म्हणणं असं, की ती माणसं म्हातारपणी आईबापांना वाऱ्यावर सोडतात, मग अशा घरातली मुलगी आपल्याला काय जीव लावणार?

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा झालेल्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी-आजोबांचे व्यायाम करून घ्यायला घरोघरी जाते, नौपाड्यातल्या जुन्या इमारतींपासून घोडबंदर रोडच्या टॉवरपर्यंत. माझी मामेबहीण बरीच वर्षं स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला आहे, सासर तिथलंच. तिच्याशी या विषयावर पुष्कळ बोलणं होतं.

स्वीडनमध्ये म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळण्याची कायदेशीर जबाबदारी मुलांवर नसते, ती नगरपालिकेवर असते. तिची माणसं घरी येऊन आंघोळ घालतात, जेवणाचं बघतात, साफसफाई करतात. तेवढ्याने भागेनासं झालं की मग केअर होम. यासाठी लोक पैसे मोजतात: उत्पन्नावरचा सरासरी 32 टक्क्यांच्या आसपासचा कर एकट्या स्थानिक सरकारांकडे जातो. म्हणजे आईच्या सेवेची सोय तिथला मुलगा तरुणपणापासून करत असतो, आणि तिच्यासोबत शेजारच्या आजींचीही. माझ्या बहिणीच्या सासूबाईंना मुलाच्या घरी जाऊन राहायचंच नव्हतं. मुलाने भेटायला यावं, गप्पा माराव्यात, पण आपलं अंग पुसायला येऊ नये, असं त्यांचं स्पष्ट मत. यात मला प्रेमाची कमतरता दिसत नाही. एकटेपणा मात्र दिसतो. संध्याकाळी सहज कुणी डोकावत नाही, नातवंडंही कळवून येतात. आपल्या माणसाला ते सोसणार नाही, हे मी मान्य करते.

त्याच देशात बाळ झालं की आईबाप दोघांना मिळून 480 दिवसांची पगारी रजा मिळते. त्यातले 90 दिवस प्रत्येकाचे राखीव; बापाने ते घेतले नाहीत तर फुकट जातात, आईला देता येत नाहीत. दुपारी बाबागाडी ढकलत फिरणाऱ्या बापांकडे तिथे कुणी वळून बघत नाही. अशा समाजाला कुटुंबाचं काही नाही, असं कसं म्हणायचं?

आता आपल्याकडचं. कुणाच्या घरी गेले की मी व्यायाम दाखवते आणि विचारते, दिवसातून तीनदा हे करून कोण घेणार? मुलगा समोर उभा असतो, मुलगी फोनवर असते, आणि सगळे बघतात सुनेकडे. ऐपत असेल तर ब्यूरोच्या मावशीकडे. त्या मावशींची स्वतःची सासू गावी कुणाच्या भरवशावर असते, हे कुणी विचारत नाही. याचा मला खरंच त्रास होतो.

आपला 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह कायदा काय म्हणतो बघा. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर आहे. त्या व्याख्येत सून नाही. लग्न झालेल्या मुलीवरही बापाच्या पोटगीची जबाबदारी येते, हे तर सुप्रीम कोर्टाने 1987 मध्येच सांगितलं, आणि तो खटला आपल्या शेजारच्या कल्याणच्या कोर्टात सुरू झाला होता. कायद्याने जिचं नाव घेतलं ती मुलगी 'परक्या घरची', आणि जिचं घेतलं नाही ती रात्री दोनला उठते.

आपलीही एकच रीत नाही. मेघालयातल्या खासी लोकांत घर धाकट्या मुलीकडे जातं, आईवडीलही तिच्याचकडे राहतात आणि नवरा तिच्या घरी येतो. सिंगापूरने 1995 मध्ये आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा केला, शिवाय आईवडिलांजवळ, चार किलोमीटरच्या आत, सरकारी योजनेतलं घर घेणाऱ्याला अनुदान दिलं. मला हा उपाय फार आवडतो. एका छताखाली राहायची सक्ती नाही, पण रात्री हाक मारली तर माणूस पोचतो.

तेव्हा आईंना सांगा, त्या मुलीच्या मायेची परीक्षा घेऊ नका. ती येईल तेव्हा कदाचित सरळ विचारेल, तुम्हाला काय हवंय? आपल्याकडे सून असं विचारत नाही, तिने ओळखायचं असतं. म्हणून ते उद्धट वाटेल, पण ती मनापासून विचारत असेल. आईंनी संकोच न करता उत्तर द्यावं. आणि स्वतःच्या म्हातारपणाचे प्रश्न तुम्हा दोघा भावांना विचारावेत, लग्नाआधीच: गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर पहिले काही आठवडे रात्री कोण उठणार, मावशी ठेवल्या तर पैसे कोण देणार, भाऊ तिकडेच राहिला तर वर्षातून किती दिवस येणार. तुम्ही मोठे आहात, बोलणं तुम्हीच सुरू करा.