टोकाची वाट सरळ असावी
वैनगंगेवर फ्लाय फिशिंगला, म्हणजे काठी आणि दोरीने हलका नकली कीटक (फ्लाय) फेकून मासे धरायला, जाण्याआधी गावच्या आखरावर, फ्लायऐवजी लोकरीचा लहान गोंडा बांधून दोरी फेकण्याचा आठवडाभर सराव करावा, असे मी आपणास आग्रहाने सांगेन. धानाच्या बांधीत नको, तिथे धसकटांत दोरी अडकते. दोरी काठीच्या टोकामागे जाते, म्हणून टोक हळू सुरू होऊन वाढत्या वेगाने सरळ रेषेत गेले आणि एकदम थांबले, तर लूप, म्हणजे हवेत दोरीचा होणारा वळसा, अरुंद होऊन वाऱ्यातही पुढे जातो. मनगट सैल सोडून टोक कमानीसारखे फिरवले, तर तो रुंद होतो आणि दोरी जवळच गोळा होऊन पडते. सुरुवातीलाच झटका दिल्यास टोक मध्येच खाली दबते, दोरी स्वतःलाच ओलांडते आणि तिच्या शेवटच्या बारीक धाग्याला गाठी पडतात. पुढे फेकण्याआधी, मागे गेलेली दोरी उलगडेपर्यंत थांबणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मान वळवून ती खुशाल पाहावी. दोरी जितकी लांब, तितका हा थांबा वाढवावा.